सौरडाग उतरणीला लागले, म्हणून मॉरिशसमधला पत्रा बदलणं पुढे ढकलावं का?

मॉरिशसच्या पश्चिमेला, रिव्हिएर न्वार भागात राहणाऱ्या एका मराठी वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : घराच्या अर्ध्या भागावर स्लॅब आहे, अर्ध्यावर जुना पत्रा. मागे दीड आर्पां (आर्पां म्हणजे साधारण एक एकर) जमिनीत भाजीपाला. सूर्यावरच्या काळ्या डागांचं, म्हणजे सौरडागांचं, अकरा वर्षांचं चक्र 2024 मध्ये शिगेला पोचलं आणि आता उतरतंय, त्यामुळे पुढची चार-पाच वर्षं चक्रीवादळं कमी येतील असं त्यांच्या ऐकण्यात आलंय. तर पत्र्याचा खर्च तोवर थांबवावा का? आणि एल निनो (प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापणं), डायपोल (हिंद महासागराच्या पूर्व आणि पश्चिम बाजूंच्या तापमानातला झोका) वगैरे बघून उन्हाळी लागवड ठरवता येते का?

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. पत्रा थांबवू नका. लागवडीसाठी समुद्राची चक्रं काही प्रमाणात उपयोगी पडतात, पण ती पाहण्याचा महिना आणि पद्धत ठरलेली आहे. सौरचक्राचा या दोन्ही निर्णयांना उपयोग नाही. त्याचा उपयोग एका तिसऱ्याच ठिकाणी आहे, त्याबद्दल पुढे लिहितो.

तुमच्या प्रश्नात दोन वेगळे निर्णय एकत्र आले आहेत. छप्पर वीस-पंचवीस वर्षांसाठी बसवतात आणि लागवड चार महिन्यांसाठी करतात. पहिल्या निर्णयात विचारायचं असतं, की या मुदतीत एकदा तरी जोरदार तडाखा बसेल का. दुसऱ्यात विचारायचं, की या हंगामाचा कल कुठे आहे. निसर्गाचं एखादं चक्र यांतल्या एका प्रश्नावर काही सांगतं आणि दुसऱ्यावर गप्प असतं. बहुतेक गैरसमज ही सरमिसळ केल्याने होतात.

काही गोष्टी तुमच्या जागेवरही अवलंबून आहेत. घर डोंगराच्या धारेवर आहे की खोलगटात, समुद्राकडची बाजू मोकळी आहे का, पत्र्याखालचं लाकूड कुजलंय का, मळ्याला पाणी कालव्याचं आहे की फक्त पावसाचं. हे मला दिसत नाही, म्हणून आकडे जिथे देतो तिथे ते तुमच्या जागेवर तपासून घ्या.

आता सूर्य. पृथ्वीच्या वातावरणाच्या वर दर चौरस मीटरला सुमारे 1361 वॅट सौरऊर्जा पोचते. सौरडाग कमीत कमी असतानाचं आणि जास्तीत जास्त असतानाचं वर्ष यांत या आकड्यात साधारण 1 वॅटचा फरक पडतो, म्हणजे हजारात एक. हा फरक गोल पृथ्वीवर पसरला आणि परावर्तित होणारा भाग वजा केला, की चौरस मीटरला 0.17 वॅटच्या आसपास काय ते उरतं. त्यातून जगाच्या सरासरी तापमानात होणारा चढउतार अंशाच्या दहाव्या भागाइतका असतो.

याच्या शेजारी सूर्याचं दुसरं चक्र ठेवून पाहा, म्हणजे वर्षाचं. पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि जुलैच्या सुरुवातीला सर्वांत दूर. या दोन टोकांमध्ये पोचणाऱ्या ऊर्जेत जवळपास 90 वॅटचा फरक असतो. त्यातच तुमचं बेट 20 अंश दक्षिणेला असल्याने नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यानंतर आणि पुन्हा जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य थेट डोक्यावर येतो. समुद्र मात्र सावकाश तापतो. त्याचं पाणी फेब्रुवारी-मार्चमध्ये सर्वांत उबदार होतं, ऑगस्टपेक्षा 4 ते 5 अंशांनी जास्त. वादळांचा हंगाम नोव्हेंबरपासून मेच्या मध्यापर्यंत आणि त्यातही जानेवारी ते मार्च सर्वांत धोक्याचा, तो यामुळे. बेटाच्या वादळांवर सूर्याचा मोठा आणि खात्रीचा हात आहे तो हाच. अकरा वर्षांचा हात त्यापुढे फार दुबळा पडतो.

दुबळा म्हणजे शून्य नव्हे. एकूण ऊर्जा हजारात एकने बदलते, पण अतिनील किरणं काही टक्क्यांनी बदलतात. ती वरच्या स्थितांबरातला ओझोन शोषतो, तिथलं तापमान सुमारे एका अंशाने वरखाली होतं आणि त्याचा परिणाम वाऱ्यांमधून खाली झिरपू शकतो. समुद्राकडूनही एक मार्ग सुचवला गेला आहे. निरभ्र उपोष्ण पट्ट्यात पाणी जरा जास्त तापतं, बाष्प वाढतं आणि व्यापारी वारे जोर धरतात. अडचण अशी, की हे मार्ग शेवटी कोणत्या दिशेने ढकलतात यावर अभ्यासकांचं एकमत नाही. सौरडाग शिगेला असताना प्रशांत महासागर ला निनासारखा, म्हणजे एल निनोच्या उलट, नेहमीपेक्षा थंड वागतो असं काही जण दाखवतात. एक-दोन वर्षांनी एल निनोसारखा वागतो असं दाखवणारेही आहेत.

या कल्पनेचा जन्म तुमच्याच बेटावर झाला, हे सहसा कोणाला ठाऊक नसतं. चार्ल्स मेल्ड्रम हे मॉरिशसच्या वेधशाळेचे प्रमुख. त्यांनी 1872 मध्ये दक्षिण हिंद महासागरातल्या वादळांच्या नोंदी मांडून दाखवलं, की सौरडाग जास्त तेव्हा वादळं जास्त. तेव्हाच्या नोंदी जहाजांच्या रोजनिशींमधून येत. जहाज वादळात सापडलं किंवा जवळून गेलं तरच नोंद होई. म्हणजे वादळं मोजताना त्यांच्यासोबत जहाजांची वर्दळही मोजली जात होती. 1869 मध्ये सुएझ कालवा उघडला आणि वाहतुकीचे मार्गच बदलले. पुढे कॅरिबियनच्या वादळांवर 2008 नंतर झालेल्या अभ्यासांत संबंध उलट निघाला, सौरडाग वाढले की तिथे वादळांचं बळ कमी. त्याचं कारणही पटण्याजोगं दिलं गेलं. वादळ हे खालची ऊब आणि वरचा गारवा यांतल्या फरकावर चालणारं इंजिन आहे, वरची हवा तापली की तो फरक घटतो. एकाच चक्रामुळे एका महासागरात वादळं वाढतात आणि दुसऱ्यात घटतात असं म्हणायचं झालं, तर ते सिद्ध करायला भक्कम आकडे हवेत.

ते आकडे आपल्याकडे नाहीत. हिंद महासागराच्या माथ्यावर वादळांकडे सरळ पाहणारा भूस्थिर उपग्रह, मेटिओसॅट-5, 1998 मध्ये 63 अंश पूर्वेला आणला गेला. त्याआधीची चित्रं बाजूने, तिरकी मिळत, आणि त्यांवरून ठरवलेली तीव्रता कमी भरवशाची असते. म्हणजे एकसारख्या दर्जाची नोंद सव्वीस-सत्तावीस वर्षांची, सौरचक्रं जेमतेम अडीच. अडीच आवर्तनांवरून नियम काढता येत नाही.

तुमच्या बेटाला बसलेले मोठे फटके सौरचक्रावर ठेवून पाहा. कॅरल, फेब्रुवारी 1960, वाऱ्याचा झोत ताशी 256 किलोमीटर. सौरडाग 1958 च्या शिखरानंतर उतरणीला होते. जर्वेझ, फेब्रुवारी 1975, झोत ताशी 280. तेव्हा सूर्य जवळजवळ तळाला, कारण तळ 1976 चा. होलांडा, फेब्रुवारी 1994, झोत ताशी 216. पुन्हा उतरण. दिना, जानेवारी 2002, झोत ताशी 228. शिखराला लागून. चढती, उतरती, वर, खाली, सूर्याची कुठलीही दशा वादळांनी वगळलेली नाही. यात तुमच्यासाठी महत्त्वाचं हे, की कॅरल आणि होलांडा दोन्ही उतरत्या काळात आली, म्हणजे तुम्ही आज ज्या काळाला सुरक्षित समजता आहात नेमक्या त्याच काळात. शेजारच्या रेयुन्यों बेटावर पावसाचे जागतिक विक्रम करणारी वादळंही अशीच विखुरलेली आहेत. 1966 चं डनीझ तळानंतर लवकरच, 1980 चं इयासँत शिखरावर, 2007 चं गामेड तळाकडे जाताना.

एखादा आलेख सौरडाग आणि वादळं हातात हात घालून चालताना दाखवत असेल तर दोन गोष्टी तपासा. वादळांची ओळ एक-दोन-तीन वर्षांनी सरकवली आहे का? आणि ती पाच किंवा सात वर्षांच्या सरासरीने गुळगुळीत केली आहे का? हवं तेवढं सरकवायची आणि गुळगुळीत करायची मुभा असली, की कुठल्याही दोन डुलणाऱ्या रेषा जुळवता येतात.

असा जुळलेला आलेख किती महागात पडू शकतो, हे महाराष्ट्राच्या इतिहासातही आहे. 1876 ते 78 च्या दुष्काळाने दख्खन होरपळली, त्याच सुमारास ब्रिटिश अधिकारी विल्यम हंटर यांनी मद्रासकडचे दुष्काळ सौरडागांच्या नीचांकाशी जोडले. नीचांक 1878 मध्ये आलाही, त्यामुळे मांडणी खरी वाटली. आज आपल्याला ठाऊक आहे, की त्या दोन वर्षांत प्रशांत महासागरात प्रचंड एल निनो होता. पुढे भारतीय हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी सौरडाग आणि जगभरचा पाऊस, तापमान, दाब यांचे आकडे ताडून पाहिले, त्यांच्या हाती फार थोडं लागलं. मात्र त्याच आकडेमोडीच्या सवयीतून त्यांना प्रशांत आणि हिंद महासागरातल्या दाबाचा झोका सापडला. एल निनोचा हवेतला जोडीदार तोच.

म्हणून आता समुद्राकडे वळू. इथे खरी माहिती आहे.

वादळाला पृष्ठभागावर साधारण 26.5 अंशांहून उबदार पाणी लागतं हे सगळे सांगतात. त्याहून महत्त्वाची आहे त्या उबेची खोली. वादळ पाणी घुसळतं. वरचा उबदार थर पातळ असेल तर खालचं थंड पाणी वर येतं आणि वादळ स्वतःच्याच घुसळणीने मंदावतं. मॉरिशसच्या उत्तर-ईशान्येला, सेशेल्स आणि शागोस बेटांच्या दरम्यान, 5 ते 10 अंश दक्षिणेच्या पट्ट्यात, थंड पाणी नेहमीच पृष्ठभागाच्या जवळ असतं. तुमच्याकडे येणारी बरीच वादळं याच अंगणात जन्मतात. एल निनोच्या वर्षी, किंवा हिंद महासागरातला डायपोल धन (पश्चिमेचं पाणी जास्त उबदार) असताना, पूर्वेकडून येणाऱ्या वाऱ्यांमुळे समुद्रात एक अतिशय संथ लाट पश्चिमेकडे निघते. ती काही महिन्यांत त्या पट्ट्यात पोचते आणि उबदार थर जाड करते. म्हणून डायपोल स्वतः सप्टेंबर-नोव्हेंबरमध्ये शिगेला जाऊन डिसेंबरात विरला, तरी पाण्याखालचा त्याचा ठसा जानेवारी-मार्चपर्यंत टिकतो. पृष्ठभागाचा नकाशा बघून "डायपोल संपला, आता चिंता नाही" असं म्हणणारे इथे चुकतात.

एल निनोच्या वर्षी वादळांचा जन्म पश्चिमेकडे सरकतो, साधारण 75 अंश पूर्व रेखांशाच्या अलीकडे. ला निनात तो पूर्वेकडे कलतो, आणि त्या वर्षांत मादागास्कर-मोझांबिककडे सरळ पश्चिमेला जाणाऱ्या वाटा जास्त दिसतात. फेब्रुवारी 2023 मधलं फ्रेडी हे ला निनाच्या शेवटचं. ते ऑस्ट्रेलियाच्या वायव्येला निघालं, अख्खा हिंद महासागर ओलांडून मॉरिशसच्या उत्तरेने गेलं आणि पाच आठवडे टिकलं.

हे सगळं महासागराच्या एका मोठ्या तुकड्याबद्दल झालं. तुमचं बेट साधारण 60 किलोमीटर लांब. नैऋत्य हिंद महासागरात वर्षाला सरासरी नऊ-दहा वादळांना नाव मिळतं. एखाद्या हंगामात ती बारा झाली तरी बाराही तुमच्यापासून पाचशे किलोमीटरवरून जाऊ शकतात, आणि सहाच झाली तरी त्यांतलं एक राजधानी पोर्ट लुईवरून जाऊ शकतं. वादळ कुठून जाईल हे त्या आठवड्यातल्या, हवेच्या मधल्या थरांतल्या वाऱ्यांवर ठरतं. ते चार महिने आधी कोणालाच दिसत नाही.

वर सांगितलेली चार वादळं आता एल निनोच्या खात्यात मांडा. 1960, 1994 आणि 2002, तीनही तटस्थ हंगाम. एल निनो नाही, ला निनाही नाही. 1975 तेवढं ला निनातलं. "यंदा तटस्थ आहे" या वाक्याचा अर्थ लोक "यंदा निवांत आहे" असा करतात, तो धोकादायक आहे. तटस्थ म्हणजे एवढंच, की प्रशांत महासागर या हंगामाबद्दल काही सांगत नाही.

या सगळ्यांच्या खाली एक चढ आहे, तो चक्र नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या अभ्यासांनुसार उष्णकटिबंधीय हिंद महासागर 1950 ते 2020 या काळात शतकाला 1.2 अंश या वेगाने तापला. सौरचक्राचा दहावा भाग अंश वर जातो आणि परत खाली येतो, हा मात्र साठत राहतो. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरते. त्यामुळे वादळांची संख्या तीच राहिली तरी प्रत्येकाच्या पोटातला पाऊस वाढतो. पुढच्या वीस वर्षांसाठी काही बांधत असाल तर या चढाचा विचार करा.

आता लागवड. हंगामी कल पाहण्याचा महिना ऑक्टोबर. मार्च ते मे या काळात दिलेले एल निनोचे अंदाज कच्चे असतात, कारण त्या महिन्यांत प्रशांत महासागर कूस बदलत असतो. जूननंतर ते सुधारतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत बऱ्यापैकी भरवशाचे होतात. मॉरिशसचं हवामान खातं उन्हाळ्यापूर्वी हंगामाचा अंदाज देतं, आधी तो वाचा. तीन कप्प्यांतले अंदाज वाचताना एक लक्षात ठेवा. सरासरीपेक्षा कमी, सरासरीइतका, सरासरीपेक्षा जास्त, यांना काहीच माहिती नसताना प्रत्येकी 33 टक्के मिळतात. "जास्त पावसाची शक्यता 45 टक्के" याचा अर्थ तराजू थोडा झुकलाय एवढाच. 55 टक्के शक्यता उरतेच, आणि मळा तीही सोसू शकला पाहिजे.

पावसाचा आणि एल निनोचा तुमच्याकडे सरळ हिशेब नाही. त्याऐवजी हे पाहा : बेटाचा उन्हाळी पाऊस मोठ्या प्रमाणात दुरून जाणाऱ्या वादळांच्या शेपटांवर अवलंबून असतो. वादळ अंगावर आलं तर पीक जातं, आणि कुठलंच आजूबाजूला फिरकलं नाही तर मारे-ओ-व्हाकोआचा जलाशय भरत नाही. 1998-99 चा उन्हाळा कोरडा गेला, तेव्हा ला निना होता, आणि 1999 मध्ये साखरेचं उत्पादन आदल्या वर्षीच्या 6 लाख टनांवरून 3.7 लाख टनांच्या आसपास उतरलं. तुमच्या पश्चिम किनाऱ्यावर तर मधल्या पठाराच्या पाव हिस्साच पाऊस पडतो. म्हणून "शांत हंगाम" असा अंदाज आला, तर तुमच्या मळ्यासाठी तो पाण्याच्या टंचाईचा इशारा समजा. साठवणीची टाकी आणि ठिबक ऑक्टोबरातच तपासा. "गजबजलेला हंगाम" असेल तर मांडवावरची वेलवर्गीय पिकं, दोडका, कारलं, कमी ठेवा. कंद आणि जमिनीलगतची पिकं वाढवा. आणि सगळी लावणी एकाच आठवड्यात करू नका, तीन आठवड्यांच्या अंतराने तीन हप्ते करा. उन्हाळी भाजीसाठी मला हंगामी अंदाजापेक्षा हे हप्ते जास्त भरवशाचे वाटतात.

हंगाम सुरू झाल्यावर एल निनो बाजूला ठेवा आणि एमजेओकडे, म्हणजे मॅडन-ज्युलियन आंदोलनाकडे लक्ष द्या. ढगांचा हा प्रचंड पट्टा विषुववृत्ताजवळून पूर्वेकडे सरकत 30 ते 60 दिवसांत फेरी पुरी करतो. त्याच्या आठ अवस्था मानतात. दोन आणि तीन या अवस्थांमध्ये तो हिंद महासागरावर असतो, आणि तुमच्याकडच्या अंगणात वादळं जन्मण्याची शक्यता वाढते. तो प्रशांत महासागरावर गेला, म्हणजे सहा-सातमध्ये, की सहसा दोन-तीन आठवडे उसंत मिळते. अवस्थेसोबत त्याचं बळही बघा. एमजेओची अवस्था दाखवणाऱ्या आलेखावरचा बिंदू मधल्या वर्तुळाच्या आत असेल तर तो दुबळा असतो, त्यावर काही ठरवू नका. बिंदू वर्तुळाबाहेर आणि अवस्था एकवरून दोनकडे निघालेली असेल, तर तयार माल काढून घ्या, महागडं खत टाकणं थांबवा, चर साफ करा. केळी असतील तर वादळाचा इशारा आल्यावर पानं छाटा. झाड पान नसताना वाऱ्यात उभं राहतं, पानं पुन्हा येतात.

इशाऱ्यांबद्दल एक गोष्ट जिवाशी संबंधित आहे, म्हणून सविस्तर सांगतो. मॉरिशसच्या वादळ-इशाऱ्यांचे एक ते चार वर्ग वाऱ्यावर बेतलेले आहेत, ताशी 120 किलोमीटरचे झोत येण्याला किती वेळ उरला यावर. पावसाचे इशारे वेगळे निघतात. पाणी मात्र वर्ग बघून येत नाही. 30 मार्च 2013 ला पोर्ट लुईमध्ये कुठलंही चक्रीवादळ नव्हतं, दोन तासांच्या आत सुमारे 150 मिलिमीटर पाऊस पडला आणि 11 माणसं गेली. 15 जानेवारी 2024 ला बेलाल वादळाचं केंद्र रेयुन्योंवर होतं, तरी पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून मोटारी वाहिल्या. राजधानीच्या पाठीशी उभे डोंगर आहेत, तिथलं पाणी काही मिनिटांत खाली उतरतं. तुमच्याकडेही मागे डोंगर असेल तर ओढ्याचं पाणी गढूळ होऊन त्यात पालापाचोळा वाहू लागला, की वर्ग कितीही असो, खालच्या रस्त्याने गाडी काढू नका. शंभर चौरस मीटरच्या स्लॅबवर दीडशे मिलिमीटर म्हणजे 15,000 लिटर पाणी. निचऱ्याचं एक भोक पानांनी बुजलं आणि 10 सेंटीमीटर पाणी साचलं, की प्रत्येक चौरस मीटरवर 100 किलोचा भार चढतो.

किनाऱ्याजवळ असाल तर समुद्राचाही हिशेब आहे. हवेचा दाब 1 हेक्टापास्कलने उतरला की पाणी साधारण 1 सेंटीमीटरने चढतं. 50 हेक्टापास्कलची घट म्हणजे अर्धा मीटर. तुमच्याकडे भरती-ओहोटीतला एकूण फरकच अर्ध्या मीटरच्या आसपास असतो, म्हणून वादळ उधाणाला आलं की भांगाला, याने कोकण किनाऱ्याइतका फरक पडत नाही. खरा जोर प्रवाळाच्या रांगेवरून आत ढकलल्या जाणाऱ्या लाटांचा. रांगेला जिथे खिंड आहे, तिच्या समोरची घरं आधी रिकामी करायची.

आता पत्रा. आपल्याकडे कोकणात आगोटीला शाकारणी करतात, तुमची आगोट ऑक्टोबरात येते.

समजा, तुमच्या जागी पत्रा उडवणारं वादळ सरासरी दहा वर्षांत एकदा येतं. हा आकडा मी फक्त हिशेबासाठी धरतोय. मग पाच वर्षं काम पुढे ढकललं तर त्या काळात निदान एकदा तडाखा बसण्याची शक्यता 39 टक्के. आता सौरचक्राच्या समर्थकांचं म्हणणं उदारपणे मान्य करू आणि वादळं 10 टक्क्यांनी कमी धरू. शक्यता 36 टक्क्यांवर येते. या तीन टक्क्यांच्या आशेवर घर उघडं ठेवण्यात अर्थ नाही.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग मीटर-प्रतिसेकंदात घ्या, वर्ग करा, 0.6 ने गुणा, दाब पास्कलमध्ये मिळेल. ताशी 120 ला चौरस मीटरवर साधारण 68 किलो, ताशी 250 ला जवळपास 295 किलो. तीन चौरस मीटरच्या पत्र्याचं वजन पंधरा किलोच्या आसपास, आणि त्याला वर ओढणारा जोर जाईल पाऊण टनावर. वळचण, आढं आणि कोपरे इथे ही ओढ मधल्या भागाच्या दुपटीहून जास्त होते, म्हणून पत्रा नेहमी कडेपासून सोलला जातो.

त्यामुळे पैसे कमी असतील तर सगळा पत्रा बदलण्याआधी कडा मजबूत करा. पत्रा 24 गेज किंवा जाड. खिळे काढून वॉशरचे स्क्रू मारा. कडेच्या पट्ट्यात प्रत्येक उंचवट्यावर एक, मध्ये एकाआड एक. रिपांमधलं अंतर मध्ये 90 सेंटीमीटर चालेल, कडेला 60. वळचण भिंतीबाहेर 45 सेंटीमीटरहून जास्त नको. व्हरांड्याचं छप्पर मुख्य छपरापासून वेगळं बांधा, म्हणजे ते उडालं तरी मुख्य पत्रा सोबत नेणार नाही. यात सर्वाधिक राहून जाणारी गोष्ट म्हणजे साखळी. पत्रा रिपेला, रीप वाशाला, वासा भिंतीवरच्या तुळईला, तुळई भिंतीला. चारही जोड लोखंडी पट्टीने किंवा बोल्टने धरलेले हवेत. नवा जाड पत्रा, उत्तम स्क्रू आणि वासा मात्र तुळईला दोन तिरप्या खिळ्यांवर, अशी छपरं अखंड उडतात. समुद्राजवळ साधे खिळे काही वर्षांत आतून खंगतात. दर ऑक्टोबरात कडेचे दहा-बारा स्क्रू उपसून त्यांची मान पाहा.

शेवटी सौरचक्राचा जिथे उपयोग आहे ती जागा. सप्टेंबर 2017 मध्ये इर्मा वादळ कॅरिबियन बेटांवर असताना, 6 तारखेला सूर्यावर एक्स-9.3 तीव्रतेचा (एक्स हा सर्वांत जोरदार वर्ग) स्फोट झाला. दिवसाच्या बाजूला लघुलहरींवरचा रेडिओ बंद पडला, आणि त्या वेळी मदत-संपर्क करणारे हौशी रेडिओचालक त्याच लहरींवर होते. सूर्याने वादळ वाढवलं नाही, पण वादळातला आवाज बंद केला. मोठे सौरस्फोट शिखराच्या आसपास आणि उतरणीच्या पहिल्या काही वर्षांतही होतात, म्हणजे तुमच्यासाठी येते दोन-तीन हंगाम त्यातलेच. तेव्हा मोबाइलचा मनोरा पडला तर दूरच्या लघुलहरी संपर्कावर एकट्यावर विसंबू नका. बॅटरीवर चालणारा, स्थानिक एफएम आणि मध्यम लहरी पकडणारा रेडिओ घरात ठेवा, सुटे सेल वेगळ्या डब्यात ठेवा. गावात कोणाकडे व्हीएचएफ (जवळच्या पल्ल्याचा) रेडिओसंच असेल तर तो कुठल्या वाहिनीवर ऐकला जातो हे ऑक्टोबरातच विचारून भिंतीवर लिहून ठेवा.